निळी फुली

– नाही नाही, त्या खुर्चीवर नको साहेब, तिचा एक पाय लुळा आहे. खुर्च्यांच्या कारखान्यात बसायला धड खुर्ची नाही – हसा, सगळेच हसतात. या स्टुलावर टेका. चहा येतोय. मॅनेजरसाहेब फोनवर आहेत, येतीलच. तोवर तुमच्याशी बोलत बसायचं काम माझ्याकडे, दर तपासणीला माझ्याकडेच असतं. म्हणतात, तुझी जीभ म्हणजे या कारखान्यातलं सगळ्यात चांगलं मशीन, तेलसुद्धा घालावं लागत नाही. बायको म्हणते, घरी आलं की तेच मशीन बंद पडतं. असो.

काय विचारत होता? हां, हा माल. अर्धवट माल हा. म्हणजे बघा, तिकडे फळी कापतात, फळीला गोंद फासतात, वर फोम दाबतात – झाली गादी. पण खुर्ची झाली का? नाही झाली. कापड चढायचंय, पाय लागायचेत. तोवर ती माझ्या ताब्यात. कच्च्या मालाला खरेदीवाले विचारतात, तयार मालाला विक्रीवाले डोक्यावर घेऊन नाचतात, मधल्याला कोण? कोणी नाही. ना माहेर ना सासर. मागचे ढकलत राहतात, कारण त्यांचा हात थांबला की शिव्या. पुढचे घेत नाहीत, कारण कापड आलेलं नसतं. आणि मी इथे मधोमध, या जाळीच्या पिंजऱ्यात. पूर्वी इथून खिडकी दिसायची, आता गाद्या दिसतात. बाहेर पडायचं तर अंग तिरकं करून निघतो. पोट जरा सुटलं की माझी नोकरी गेली म्हणून समजा.

वास? गोंदाचा. सवय होते. ओली गादी दिवसभर उघड्यावर वाळवावी लागते, त्या मोठ्या पंख्यासमोर, दोन गाद्यांमध्ये हात जाईल एवढी फट ठेवून. ओल्या ट्रॉलीवर मी निळ्या खडूने फुली मारतो. वाळली की मीच पुसतो, दुसऱ्या कोणी पुसायची नाही. आणि फुलीवाली ट्रॉली बंद जागेत न्यायची नाही – कुठे लिहिलेलं नाही हे, पण नाही म्हणजे नाही. एक हमाल होता, थंडीत ऊब मिळेल म्हणून ओल्या गाद्यांच्या मधे जाऊन झोपला. गोंदाच्या वाफेने बेशुद्ध, उचलून आणला त्याला. जगला, पण हात थरथरायला लागला तो कायमचाच. तेव्हापासून हा खडू.

कुठलं दार? ते होय, ट्रॉल्यांच्या मागचं? मालाची खोली. तुमच्या नकाशातही तेच असेल, बघा. उघडून काय बघणार, आत याच गाद्या – ठोकल्यासारखं? मशीन हो. जुनी मशीन, धडधडतात.

हो, तेही खरंच. मशीन बंद आहेत. तुमची गाडी गेटवर आली की बंद करायची पद्धत आहे – पाहुण्याला बोलणं ऐकू यायला नको? वॉचमन भोंगा देतो, आणि मग पोरं जरा आवरासावर करतात, ट्रॉल्या इकडच्या तिकडे. घरी पाहुणे आले की आपण नाही का पसारा पलंगाखाली सारत? तसंच. अर्धा तास, फार तर. तेवढा वेळ आत त्या गप्प बसतात –

त्या म्हणजे गाद्या.

असं बघू नका हो साहेब. बरं. लिहू नका, नुसतं ऐका. कापड शिवणाऱ्या बायका आहेत आत. त्या खोलीला तुमच्याकडची परवानगी नाही, म्हणून तपासणीपुरता दारासमोर माल लावतात. तुम्ही चहा पिऊन जाता, माल हटतो, त्या बाहेर येतात, त्यांचीही थट्टामस्करी चालते – आज कोणता साहेब होता, टकल्या का मिशीवाला. कधी कुणाला काही झालं नाही. अहो, माझी सून आहे आत! नवीनच लागलीय, मीच लावली. वाईट असतं तर घरच्या पोरीला घातलं असतं का मी? व्याही म्हणाले, तुमच्या नजरेसमोर राहील तर पाठवतो. आहेच की नजरेसमोर. हे काय, समोरच.

पुन्हा ठोकलं. ठोकायचं नाही म्हणून बजावलेलं असतं त्यांना. नवीन पोरगी कोणीतरी, घाबरली असेल. नेहमी कुठला माल तिथे लावायचा ते मी दाखवतो, वाळलेलाच लावतो. आज तुम्ही न कळवता आलात, मला तुमच्या स्वागताला गेटवर पिटाळलं, पोरांनी हाताला लागेल ते –

जरा सरका साहेब. तुम्हाला चष्मा नाही, तुमची नजर चांगली. ती कडेची ट्रॉली, तिच्या फळीवर काय आहे? निळं? नीट बघा. खडूचंच आहे का? आणि तिच्या मागच्या?

सगळ्यांवर?

खिडकी नाही हो त्या खोलीला. दाराखाली बोटभर फट आहे, तेवढीच. तेवढ्यातून जेवढी हवा जाईल तेवढी – आणि ती जाते या गाद्यांवरून. आता कोण ओरडलं? बाबा म्हणाली? तुम्हीही ऐकलंत ना, बाबा म्हणाली? ती घरात माझ्यासमोर मोठ्याने बोलत नाही साहेब, जेवायला बोलवायचं तर नातवाला पाठवते.

मॅनेजर फोनवर नाहीत. कोणीच फोनवर नाही. ते बघा, खांबाआड उभे आहेत, मला हात करतायत. कळतंय ना काय म्हणतायत ते? बोलत राहा. माणूस हलू देऊ नकोस, बोलत राहा. आजवर राहिलो.

ठेवा तो कागद. चहा राहू दे. या माझ्या मागून, अंग तिरकं करून या. चाकाला खिटी आहे, पायाने वर करा – हां, अशी. तुम्ही ते टोक धरा. साहेबी कपडे खराब होतील, होऊ देत. मला बोलत राहायला सांगितलंय, आता नाही बोलत. ओढा.