दुसरी केतकी

चतुराबाई : हात तिचे नाईत. मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिली तुमाले.

डोमाजी : अवं, सिरीयलमंधी पट्टी तोंडाले बांधली. हाताले काय झालं? हात कसे बदलतीन?

चतुराबाई : तेच तं म्हणतो मी. दीक्षाची बोटं लांब हायेत, माह्या सासूसारखी. त्या पलंगावरच्या पोट्टीची कशी आखूड दिसून राहिली. पोटच्या पोरीचे हात मले वयखू नाई येत का?

डोमाजी : मेकप असते, दीक्षाची माय. मुंबईवाले माणसाचं काईबी करतात. मागं तिले सपन पडलं त्या भागात म्हातारी केली होती का नाई? तवा तू पदर लावून रडली. मी सांगतलं, पावडर हाय केसाले. निघाली ना पावडर?

चतुराबाई : मंग फोन काहून नाई उचलून राहिली?

डोमाजी : शूटिंगात असन. मेसेज तं टाकते ना. 'बिझी आहे बाबा.' मोठ्या माणसाले बिझी रहाच लागते. बरं, आता चूप बस, जाहिराती संपल्या. थो पाह्य डाक्टर आला.

चतुराबाई : कैची घेतली त्यानं. किती हयूहयू कापून राहिला. लेकराचं तोंड जयलेलं, दुखत असन.

डोमाजी : खरं थोडंच जळलं? गाडी दरीत पडली थे सिरीयलमंधी.

चतुराबाई : मले ठाऊक हाय ते. पन एवढे दिवस तोंडाले पट्टी गुंडाळून पलंगावर निजाचं म्हणजे जीव गुदमरते का नाई? अंगणवाडीत सारे पोट्टे मले इचारतात, केतकीचे आई, केतकीची पट्टी कधी निघते?

डोमाजी : आज निघते. म्या डेपोतल्या साऱ्या रिटायर लोकाइले मेसेज टाकला. भगवंतले तं फोनच केला, म्हटलं जेवण मागून कर, आधी टीव्ही लाव. थांब, थांब, शेवटचा पदर काढला.

चतुराबाई : अवो.

डोमाजी : हं.

चतुराबाई : अवो, हे कोण हाय?

डोमाजी : थांब ना.

चतुराबाई : हे कोण पोट्टी हाय?

डोमाजी : दुसरी कोणी असन. नर्स गिर्स.

चतुराबाई : नर्सच्या तोंडाची पट्टी काढतात का कोणी? आइका, आइका थे बाई काय म्हणून राहिली. 'माझी केतकी.' गळ्यात पडली तिच्या. कोणाच्याबी गळ्यात पडून माझी केतकी म्हणते!

डोमाजी : आरसा दिला तिच्या हाती.

चतुराबाई : 'डॉक्टर, हा माझा चेहरा नाही.' नाईच हाय तुहा! ठेव थो आरसा खाली!

डोमाजी : समजलं मले. प्लास्टिक सर्जरी. तोंड जळलं, म्हणून डाक्टरनं नवीन तोंड बसवलं. नवीन तोंड म्हणजे नवीन पोरगी. आता हेच केतकी.

चतुराबाई : मंग आपली कुठी हाय?

डोमाजी : थांब, पुढच्या भागाचं दाखवतीन आता.

चतुराबाई : मी तुमाले इचारून राहिली. आपली कुठी हाय?

डोमाजी : संपला भाग. बंद कर थो टीव्ही. हे पाह्य, भगवंतचा फोन येऊन राहिला.

चतुराबाई : उचला.

डोमाजी : उचलून काय सांगू? वाजू दे. रविवारी विहारात तिचा सत्कार ठेवला. विहारातल्या संघपालनं स्टँडासमोर बोर्ड लावला, 'आपल्या अकोटची केतकी'. फोटो म्याच देला होता.

चतुराबाई : बोर्ड राहू द्या. पोरीले फोन लावा.

डोमाजी : लावतो ना. आधी भगवंतचा कट करतो.

(फोन लागतो. डोमाजी स्पीकर चालू करतात.)

दीक्षा : जयभीम, बाबा.

डोमाजी : जयभीम, बेटा. ते आता... आमी आता टीव्ही...

दीक्षा : पाहिलंत ना? मी आज सकाळीच सांगणार होते. कालही सांगणार होते.

चतुराबाई : दीक्षे, तू बरी हायेस ना? आधी ते सांग.

दीक्षा : बरी आहे, आई. शांतपणे ऐका दोघंही. मालिकेत मी आता नाही.

डोमाजी : आजपासून?

दीक्षा : नाही, बाबा. पट्टी बांधली तेव्हापासून. पट्टीतली मी नव्हतेच.

चतुराबाई : पाहा! हात! म्हटलं होतं का नाई मी?

दीक्षा : मला डेंग्यू झाला होता, आई. दवाखान्यात होते. शूटिंग थांबत नाही ना, रोज संध्याकाळी एक भाग दाखवावाच लागतो. मग त्यांनी माझ्या गाडीला अपघात केला, आणि एका मुलीला पट्ट्या बांधून पलंगावर निजवलं. मला तर बरंच वाटलं तेव्हा. म्हटलं, माझी जागा राखून ठेवली.

चतुराबाई : डेंग्यू?

दीक्षा : आता बरी आहे.

चतुराबाई : पाणी कोण देत होतं तुले?

दीक्षा : सिस्टर होत्या ना. खोलीवरची मुलगीही यायची, तिला वेळ मिळाला की.

चतुराबाई : म्हणजे तू तिकडं तापात पडली होती, अन् मी इथी त्या पोट्टीची कायजी करून राहिली होती. त्या पट्टीवाल्या पोट्टीची! दोन घास खाल्ले का तिनं, कूस बदलते का. दुसऱ्याच्या पोरीसाठी जीव जाऊन राहिला होता माहा. काहून नाई सांगतलं वं?

दीक्षा : सांगितलं असतं तर तू निघून आली असतीस.

चतुराबाई : आलीच असती! मंग काय झालं असतं?

दीक्षा : आई, असं नको ना बोलू.

डोमाजी : थांब व तू, मले बोलू दे. बेटा, तू बरी होऊन परत गेली का नाई कामावर?

दीक्षा : गेले ना. पहिल्या दिवशी म्हणाले, बस. दुसऱ्या दिवशी म्हणाले, वाट पाहा, आम्ही फोन करू. नंतर म्हणाले, ट्रॅक बदलला.

डोमाजी : ट्रॅक म्हणजे?

दीक्षा : गोष्टीचा रस्ता, बाबा.

डोमाजी : रस्ता बदलला तं डायवर उतरवून देतात का? असं कसं चालते? मले कावीळ झाली होती, तुले आठवत नसन, तू लहान होती. माही धारणीची गाडी बदली कंडक्टरनं नेली. मी बरा होऊन आलो, त्यानं तिकिटाची पेटी माह्या हाती देली अन् म्हणे, घे गा डोमाजी, तुही गाडी. आजारी माणसाची ड्युटी कोणी खात नाई. युनियन असते त्याच्यासाठी. तुमची कोण युनियन? मले नंबर दे कोणाचा तरी. मी बोलतो. इज्जतीत बोलतो.

दीक्षा : कोणाचा देऊ? सगळ्यांचे नंबर आहेत माझ्याकडे. डायरेक्टर म्हणतो, माझ्या हातात नाही, चॅनेलला विचार. चॅनेलवाली बाई म्हणते, आम्ही काय करणार, लोकांना ती आवडली.

डोमाजी : कोणाले आवडली?

दीक्षा : लोकांना. पट्टीचे भाग सुरू झाले आणि पाहणारे वाढले.

चतुराबाई : तोंड दिसत नोतं तिचं. काय आवडलं?

दीक्षा : डोळे दिसायचे ना. ती डोळ्यांनी फार चांगलं रडते म्हणे.

चतुराबाई : मी बी रडली त्या डोयांकडं पाहून. हाताचा भरोसा वाटत नोता, पन डोये पाहून म्हटलं, माहीच लेक हाय.

डोमाजी : म्या तं थे भाग दुपारून पुन्हा लावायचो. मोबाईलवर बी.

दीक्षा : मग काय. तेच सांगतेय.

चतुराबाई : आमाले काय मालूम व, बाई?

दीक्षा : तुमचा काय दोष त्याच्यात? कोणाचाच नाही. त्या मुलीचाही नाही. तिला पलंगावर झोप म्हणाले, ती झोपली. मी तिच्या जागी असते तर मीही झोपले असते.

डोमाजी : एक मिनिट. हा आवाज कायचा येऊन राहिला तिकडून? कोण बोलून राहिलं भोंग्यावर?

दीक्षा : काही नाही. रस्त्यावर आहे.

डोमाजी : मुंबईच्या रस्त्यावर 'अकोट, परतवाडा अंजनगाव मार्गे' कोण म्हणते, बेटा?

चतुराबाई : काय?

डोमाजी : अमरावतीच्या स्टँडावर हाय थे. माह्या कानावर आयुष्य गेलं त्या भोंग्याचं.

चतुराबाई : दीक्षे? अमरावतीले हायेस तू?

दीक्षा : हो.

चतुराबाई : कधीची?

दीक्षा : थोडे दिवस झाले. मैत्रिणीकडे, रूपालीकडे उतरलेय. तिची खोली आहे ना कॅम्पात.

चतुराबाई : अमरावतीपर्यंत आली अन् घरी नाई आली? पिशवी नाई तं कपडे नाई, अशीच ये म्हटलं असतं मी. दवाखान्यातून उठलेलं लेकरू लोकाच्या खोलीवर राहते, अन् माय इथी दोन तासावर बसली हाय!

दीक्षा : येते ना मी, आई. रोज संध्याकाळी स्टँडवर येते. पिशवी घेऊन येते. अकोटची गाडी लागते, माणसं चढतात, मी बाकावर बसून राहते. गाडी गेली की रूपालीकडे परत जाते.

डोमाजी : काहून, बेटा?

दीक्षा : संघपालकाकांनी बोर्डाचा फोटो पाठवला होता मला. स्टँडच्या दारासमोरच लावलाय ना? गाडीतून उतरले की समोर मीच. केवढी हसतेय मी त्या फोटोत.

डोमाजी : आत्ता जाऊन काढतो मी थो. शिडी हाय विहारात.

दीक्षा : काढून काय सांगाल लोकांना?

डोमाजी : सांगीन काईतरी. सांगीन का... नाई, तू बरोबर बोलते. काय सांगीन मी? सारे घरी बसून पाहून राहिले होते. पाह्य, आताबी फोन येऊनच राहिले. भगवंत. वामनराव. पुन्हा भगवंत.

चतुराबाई : तुमालेच हौस होती लय. घरोघर सांगत फिरले. पोरीले माघारी याले वाटच नाई ठेवली तुमी.

डोमाजी : मी का वाईटासाठी सांगतलं? आपल्या वस्तीतली पोर टीव्हीत दिसली, म्हणून सांगतलं. बापानं सांगू नाई का?

दीक्षा : भांडू नका ना. आई, बाबांना काही म्हणू नको.

डोमाजी : मी येतो अमरावतीले. आता निघतो. जीप भेटन परतवाड्यापर्यंत.

दीक्षा : नका येऊ, बाबा.

डोमाजी : तुले घेऊन येतो. तोंडाले रुमाल बांध, अंधारात घरात ये. कोणाले पत्ता नाई लागणार.

दीक्षा : किती दिवस रुमाल बांधू? आत्ताही स्कार्फच बांधलाय. इथे कँटीनमधे टीव्ही आहे. आजचा भाग मी तिथेच उभी राहून पाहिला. बऱ्याच बाया होत्या. एक जण म्हणाली, बरं झालं बाई बदलली, आधीची काही खास नव्हती. माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती ती.

चतुराबाई : तिच्या जिभेले हाड नाई.

दीक्षा : तिला काय माहीत, आई.

चतुराबाई : तू ये घरी. बास झालं ते मुंबई. इथी शाळा हायेत, क्लास हायेत. तुह्यासंगच्या पोरी करूनच राहिल्या ना काई ना काई?

डोमाजी : असं नको म्हणू तिले. चार दिवस राहीन, तब्येत सुधरवन अन् जाईन परत. दुसरी सिरीयल भेटन. भेटन ना, बेटा?

दीक्षा : माहीत नाही, बाबा. काल एकाला फोन केला, तर तो म्हणे, तुझा चेहरा अजून लोकांच्या डोक्यात आहे, थोडं जुनं होऊ दे. दुसरा म्हणे, तुला कोणी ओळखत नाही.

डोमाजी : दोन्ही कसं असन?

दीक्षा : तेच तर.

चतुराबाई : पुस्तकावानी नको बोलू माह्यासंग. मले काई समजत नाई त्याच्यातलं. तुले घरी याचं हाय का नाई, एवढंच सांग.

दीक्षा : याचं हाय वं आई. मले लय याचं हाय. पन मी एकदा तुह्याजवळ येऊन निजली ना, मंग मी परत नाई जाऊ शकत. मी कशी हाय, मले ठाऊक हाय. अन् नाई आली, तं असं स्टँडावर... मले समजूनच नाई राहिलं काय करू.

चतुराबाई : रडू नको.

दीक्षा : नाई रडून राहिली.

डोमाजी : गाडी लागली ना? आवाज आला मले. इंजिन चालू हाय तिचं.

दीक्षा : लागली.

डोमाजी : कंडक्टर कोण हाय? ओळखीचा असन माह्या. फोन दे त्याले, पुढची सीट देईन तुले.

दीक्षा : नको, बाबा. मंग थोबी म्हणन, केतकी.

चतुराबाई : बस गाडीत. बाकी काई इचार नको करू. मी स्टँडावर येऊन उभी राहतो. उतरली का माह्याकडं पाह्य फकत. बोर्डाकडं नको पाहू.

दीक्षा : हं.

चतुराबाई : बसली का?

डोमाजी : बेटा, घंटी झाली. दोन घंट्या म्हणजे निघाली.

चतुराबाई : बसली का वं?

दीक्षा : गेली, आई.

डोमाजी : उद्या बी असते गाडी. गाडीचं काय, रोजच असते.

दीक्षा : हो, बाबा. तुम्ही विहारात जाऊ नका आता. सकाळी मीच बोलते संघपालकाकांशी.

डोमाजी : तू नको बोलू. थे माह्यावर सोड. बाप हाय मी.

चतुराबाई : काई खाल्लं का तिथी? कँटीनात काई घे गरम. दूध घे. मंग रिक्षानं जाजो रूपालीकडं, पायी नको जाऊ.

दीक्षा : घेते. आई, एक विचारू? खरं सांगशील?

चतुराबाई : इचार.

दीक्षा : ती नवी मुलगी. आरशात पाहून रडते ना शेवटी. कशी केली तिनं?

चतुराबाई : मी नाई पाहिलं नीट.

दीक्षा : आई.

चतुराबाई : ...चांगली केली वं.

दीक्षा : हाव. मले बी तसंच वाटलं.