चावीवाल्याची घरोघरची गस्त

रेल्वेत एकतीस वर्षे नोकरी केलेले बिरू आबा दौंडच्या कडेला, दोन खोल्यांच्या घरात पत्नीसह राहतात. त्यांच्या वस्तीत वृद्धांच्या पडण्याविषयी आज उघडपणे बोलले जाते, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांचे. त्यांनी सांगितले तसे, त्यांच्याच बोलीत आणि त्यांच्याच क्रमाने येथे उतरवले आहे.

आमी मूळचे धनगर, शिरूर तालुक्यातले, कारेगावच्या माळावरचे. आता तिथं कंपन्या हायेत, रातदिस कामगारांच्या गाड्या फिरत्यात, पन माझ्या लहानपनी नुसता कुसळांचा माळ व्हता आन् आमची मेंढरं. माझा बाप कसा चालायचा, काय सांगू तुम्हाला ताई, काठी अशी मानेमागं आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेलं, आन् चालला की चालला, दिवाळी झाली की कोकनाकडं उतरायचा ते पावसाच्या तोंडाला माघारी. त्याची काठी मेंढराला लागली असंल, लांडग्याला लागली असंल, पन जमिनीला टेकलेली म्या कवा बघितली न्हाई. ज्यानं काठी टेकली त्यो म्हातारा झाला, असं आमच्यात समजायचं. एवढं ध्यानात ठेवा, पुढं कामाला येनार हाय.

म्या मेंढरांमागं गेलो न्हाई. मामानं दौंडला रेल्वेत चिकटवलं, आधी गँगमन, म्हंजी रूळ दुरुस्तीच्या टोळीतला गडी, मग चावीवाला. चावीवाला म्हंजी काय, तर रूळ खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवनाऱ्या लोखंडी चाव्या असत्यात, गाडीच्या हादऱ्यानं त्या ढिल्या व्हत्यात, तर खांद्यावर हातोडा, झोळीत लाल झंडी आन् हिरवी झंडी, रोज आपला तुकडा पायी चालायचा आन् ढिली दिसली की ठोकायची. रुळाला चीर दिसली तर आधी लाल झंडी, मग बाकीचं सगळं. आमच्या मुकादमानं पयल्या दिवशी एवढंच शिकिवलं, बिरू, चूक झाली तर माफी हाय, लपवलं तर न्हाई. एकतीस वरसं म्या ते पाळलं. घरात मात्र पाळलं न्हाई, त्याचीच ही गोष्ट हाय.

आन् चावीवाल्याचं पाऊल तुम्ही कवा बघितलंय का? खडीत पाय पडला की घोटा मुरगळतो, म्हनून पाऊल टाकायचं ते स्लीपरवरनं स्लीपरवर. वरसं गेली आन् पायाला तेच माप बसलं. आमी रिटायर झालेली मंडळी बाजाराला निघालो की लोक म्हनायची, सुटली बघा मालगाडी. आमची सगुना, म्हंजी माझी बायको, तर अजून सांगती की लग्न झाल्यावर वरीसभर ती माझ्यामागं पळतच व्हती, तोंड कसं हाय ते तिला नीट दिसलंच न्हाई.

तर गेल्या उन्हाळ्यात काय झालं, आमच्या शिवानं, पोरानं, हौसेनं न्हानीत नवी फरशी घातली, तोंड दिसंल असली गुळगुळीत. सकाळची अंघोळ झाली, खाली साबनाचं पानी, पायात घासून घासून कागद झालेल्या सपाता, आन् म्या टाकलं स्लीपरचं पाऊल. पुढं स्लीपर न्हवता. असा आडवा झालो की कमरेतनं कळ थेट डोस्क्यात. हाड वाचलं, बिरोबाची किरपा. सगुना भाजी आनायला गेलेली. कसाबसा उठलो, फरशी पुसली, कोपर सोलवटून काळंनिळं झालेलं त्यावर सदरा घातला, आन् ती आल्यावर म्हनलं, कोपराला नळ लागला. तिनं पिशवी खाली ठेवली. न्हानीत गेली, नळाकडं बघून आली, आन् भाजी निवडाय बसली.

तुम्ही म्हनाल लपवलं कशापायी. शिवा सणसवाडीला कंपनीत हाय, तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली. दोन वरसं त्याचं एकच टुमनं, आबा, घराला कुलूप लावा आन् माझ्याकडं चला, पडलाबिडला तर बघनार कोन. पोरगं वाईट न्हाई, काळजीपोटीच बोलतंय. पन माझं सगळं इथं हाय, रोज सकाळी स्टेशनच्या बाकड्यावर जुनी गँग बसती, सगुनाच्या शेजारनी हायेत. पडलो हे कळलं की घर सुटलं. म्हनून गप. पन गप बसल्यानं आतल्या आत भ्या बसलं. स्टेशनला जायचं बंद केलं. ऊन लई हाय म्हनायचो, मग आभाळ आलं तरी ऊनच हाय म्हनायचो. आन् बसून बसून पाय आनखीच गळालं.

अशात आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं वस्तीतली म्हातारी मानसं देवळात गोळा केली. तिनं इचारलं, गेल्या वरसात कोन कोन पडलं, हात वर करा. एक हात वर न्हाई. सगळी गँग मांडी घालून बसलेली, तोंडावर अशी शांतता की गाभाऱ्यातल्या देवालाबी जमायची न्हाई. सिस्टर म्हनली, मोठी नशीबवान वस्ती हाय तुमची. तवा मागनं, बायकांतनं, सगुनाचा आवाज आला, एकतीस वरसं रुळाची चीर लपवली न्हाई, मग कमरेची कशाला लपवताय, दाखवा की लाल झंडी.

सगळं देऊळ माझ्याकडं बघाय लागलं. म्या हात वर केला. बाही खाली घसरली आन् कोपराचा डाग आपसूक दिसला. मग बाजूला माझा दोस्तार वामन, आमच्याच गँगचा, त्यानं हळूच हात वर केला. तीन महिनं लंगडत व्हता, आमाला सांगायचा बोकडानं धडक दिली, आन् त्याच्या घरात बोकडच न्हाई. मग आनखी एक, मग आनखी एक, बघता बघता निम्मी गँग.

सिस्टरनं लई काय काय सांगितलं. पडनं हे नशीब न्हाई, त्याला कारनं असत्यात आन् बरीचशी टाळता येत्यात. झटक्यात उठू नका, खाटेच्या कडेला बसा, जरा दम खावा, मग उभं ऱ्हावा. गोळीनं गरगरत असंल तर डाक्टरला सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. डोळं तपासा. खुर्चीतनं उठा-बसा करा, वट्याला धरून टाचा उचला, पाय बसून न्हाई, चालून बळकट व्हत्यात. म्या ऐकत व्हतो आन् मनात म्हनलं, आरं, हे तर चावीवाल्याचंच काम हाय, गाडी रुळावरनं पडायच्या आधी ढिली चावी हुडकायची.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची झोळी काढली आन् सगुनाच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या भरल्या. पयलं आपलं घर. न्हानीत धरायला दांडा बसवला, फरशीवर खरबरीत पट्ट्या लावल्या, दारातलं पायपुसन्याचं पोतं काढलं, टीव्हीची वायर भिंतीकडनं नेली, नव्या सपाता आनल्या. मग वामनचं घर. त्याच्या दारातली पायरी हालत व्हती. म्हनला, ती हालती हे आमाला म्हाईत हाय की. म्या म्हनलं, तुला म्हाईत हाय, तुझ्या पायाला म्हाईत न्हाई. चिंधी बांधली. म्हनला, बिऱ्या, माझ्या दारात लाल झंडी, लोक काय म्हनतील? म्हनलं, लोक म्हनतील गाडी थांबली, पडली न्हाई. दुरुस्ती झाल्याबिगर चिंधी सोडायची न्हाई, असा नियमच केला. आता म्हाताऱ्या बाया सुनांना चिंधी दाखवून कामं करून घेत्यात. एकीनं तर फ्रिजला बांधली. म्या म्हनलं, मावशे, ह्यात कशी पडनार तू? म्हनली, नवा घ्यायचा हाय, तुझं वजन पडू दे जरा.

शिवाला कळायचं ते कळलंच. रविवारी गाडी घेऊन आला आन् आईची ट्रंक उचलाय लागला. म्या भांडलो न्हाई. म्हनलं, येतो, पन लाईन तपासल्याबिगर गाडी सोडत न्हाई, आधी तुझी खोली बघू. गेलो सणसवाडीला. जिना अरुंद, एका अंगाला कठडा न्हाई, पायऱ्यांवर चपला, गॅसची टाकी, दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलेला. म्या चिंध्या बांधत चाललो, वर पोचेपत्तोर झोळी रिकामी. भाड्यानं ऱ्हानारी बिहारची पोरं भायेर आली, चाचा, शादी है क्या? शिवा हसाय लागला. मग तिथंच पायरीवर बसला, आन् खाली बघून म्हनला, आबा, ड्युटीवरनं येताना ह्या जिन्यात मीच दोनदा पडलोय, तुम्हाला सांगितलं न्हाई. म्या त्याच्याशेजारी बसलो. म्हनलं, रगत माझंच हाय.

ट्रंक माघारी दौंडला आली. त्याच्या दोन अटी. पडलो तर त्याच दिवशी फोन, आन् भायेर जाताना काठी, तीबी टेकून. फोनचं लगेच कबूल केलं. काठीचं जड गेलं. बापाचीच काठी कोपऱ्यात व्हती, तिला खालनं रबराचं बूच बसवलं. खरं सांगतो, पयले आठ दिवस घरापासनं टेकत जायचो आन् वळनापल्याड गेलो की मानेमागं आडवी. वामननं चुगली केली. तवापासनं सगुना माझ्यासंगं वळनापत्तोर येती, तिथनं स्टेशनपत्तोर रस्ता सरळ दिसतो, आन् माझीच जुनी हिरवी झंडी घेऊन उभी ऱ्हाती. म्या मागं वळून बघतो. काठी जमिनीला टेकलेली दिसली तरच झंडी हालती. बाप वरनं बघून हसत असंल. हसू दे. त्याच्या वेळी फरशी न्हवती.

निघालात व्हय ताई? सुखानं जावा, उंबऱ्याला पाय उचलून टाका. आन् घरी आज्जी-आजोबा असतील तर त्यास्नी आज इचारा, कवा पडला व्हता का म्हनून. न्हाई म्हनतील. तुम्ही आपलं न्हानीत जाऊन नळाकडं बघून या.