तीनदा आलेली ओळ

लेक : थांब, थांब. म्हणजे वॉचमनला वाटलं, तू कुणाची तरी आई आहेस?

आई : आहेच की. तुझी. म्हणाला, "मुलाला डबा द्यायला आलात का? इथं ठेवा." मी म्हटलं, डबा माझाच आहे आणि इंटर्नही मीच आहे. त्यानं ओळखपत्र इतक्या वेळा उलटंपालटं केलं, मला वाटलं आता चावून बघतोय की काय.

लेक : अगं, तीन आठवडे झाले तुला तिथं!

आई : नवा आहे गं तो. रुळेल.

लेक : मग चेहरा का असा? चहाचं पाणी झालं समोर. पन्नाशी ओलांडून, संध्याकाळचं कॉलेज करून वकिलीची पदवी घेतलीस, एवढ्या नावाजलेल्या संशोधन संस्थेत शिरलीस. आता काय झालं?

आई : सरांनी उद्या सकाळपर्यंत एक काम करायला सांगितलंय. ते मी करणार नाहीये.

लेक : सर म्हणजे तो अठ्ठावीस वर्षांचा?

आई : एकोणतीस. आणि सर म्हणजे सर. हुशार पोरगा आहे.

लेक : काम काय आहे?

आई : समुद्रात हद्द ओलांडली म्हणून शेजारच्या देशानं आपले मच्छीमार धरलेत ना, त्यांच्यावरचा अहवाल आहे. पुढच्या आठवड्यात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची बैठक आहे, तिथं तो ठेवायचाय. आमचं म्हणणं एवढंच, की परक्या देशाचा माणूस पकडलात तर त्याच्या वकिलातीला कळवा, करारात तसं कबूल केलंय तुम्ही. अहवालाच्या शेवटी याद्या आहेत. आपल्या यादीत सतरा जण. ते म्हणतात, आमच्याकडे चौदाच आहेत.

लेक : मग तिघं?

आई : बुडाले असतील, असं सगळे धरून चाललेत. सात महिने झाले.

लेक : आई गं.

आई : आता हे बघ. त्यांनी दिलेल्या कागदांत हे एक पान आहे. ज्यांचा देश कोणता ते ठरलं नाही, अशा कैद्यांचं. यात एकच ओळ तीनदा आलीय. नाव तेच, आडनाव तेच, बापाचं नाव तेच. सर म्हणाले, टायपिंगची चूक आहे, दोन ओळी उडवा, एक ठेवा.

लेक : मग उडव की.

आई : गणिताची मास्तरीण ना तू? वयाचा रकाना बघ.

लेक : बावन्न. एकतीस. एकोणीस. हं... चुकून तीनदा टाइप झालं असतं, तर वय पण तेच आलं असतं.

आई : आता नाव वाच. मोठ्यानं.

लेक : नाव पहत. आडनाव तारा.

आई : जोडून वाच. भरभर.

लेक : पहततारा. पहततारा... पहाटतारा? हे कुठलं माणसाचं नाव?

आई : माणसाचं नाहीच ते. बोटीचं आहे. बावीस वर्षं बंदराच्या ऑफिसात बोटींचे परवाने भरलेत मी. पहिल्या ओळीत ठसठशीत बोटीचं नाव, खाली मालकाचं. तिकडच्या कारकुनानं विचारलं असेल, नाव काय? यांना भाषा कळली नाही, यांनी परवाना पुढं केला. त्यानं बोटीचं नाव तोडून नाव-आडनाव केलं आणि मालकाला तिघांचा बाप करून टाकलं.

लेक : आणि सात महिन्यांत पुन्हा कुणीच विचारलं नाही?

आई : कारकुनी केलीय मी, बाई. एकदा लिहून झालं की पुन्हा मान वर करून समोरच्याकडे कोण बघतंय?

लेक : पण हे आपलेच तिघं कशावरून?

आई : आपल्या बेपत्ता तिघांची वयं सांगू? बावन्न, एकतीस, एकोणीस. बोट पहाटतारा.

लेक : अंगावर काटा आला बघ माझ्या! सरांना सांगितलंस?

आई : गेले होते दुपारी. एका हातात फोन, दुसऱ्या हातात घास. म्हणाले, "मॅडम, आता नवीन काही नको, छपाईला जातंय." परत आले.

लेक : परत आलीस? तू? माझे दोन मार्क वाढवायला मुख्याध्यापकांच्या खोलीत ठिय्या मारून बसली होतीस ती तू?

आई : तेव्हा माझी खात्री होती. आता समज, माझं चुकलं. माणसं दुसरीच निघाली. त्या तीन घरांनी कसंबसं मन घट्ट केलं असेल. मी जाऊन पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा मोडायची?

लेक : घरच्यांना कुठं सांगायचंय? सरांना सांग. खरं-खोटं ते करतील. पण उद्या त्या दोन ओळी उडाल्या, तर मग कुणीच काही करू शकणार नाही. ऊठ. तू सांग, मी टाइप करते.

आई : तू सरक. तुझ्या दोन बोटांनी उजाडेल. हं... "सविनय सादर करण्यात येते की..."

लेक : सविनय नको! सादर पण नको! पहिल्याच ओळीत लिही, तिघं जिवंत आहेत.

आई : "जिवंत असावेत." पुरावा आहे तेवढंच लिहायचं.

लेक : बरं, वकीलबाई. खाली वयं, बोटीचं नाव आणि परवान्याचं ते सगळं. झालं? पाठव. पाठव गं!

आई : पाठवलं. आता उद्या नोकरी... म्हणजे इंटर्नशिप राहते का बघू. भात टाकू का?

लेक : भात राहू दे, फोन बघ तुझा. सर! स्पीकरवर टाक, स्पीकरवर!

सर : हॅलो, काकू... सॉरी, मॅडम. त्या ओळी उडवल्यात का?

आई : नाही सर. उडवणारच नव्हते.

सर : सुटलो! मी दोन आठवडे ते पान बघतोय. दोन आठवडे! मला चूकच वाटत होती ती.

आई : तुम्ही परवाने कुठं भरलेत, सर.

सर : हे बघा, मी आत्ताच आपल्या वकिलातीला कळवतोय. तिघांची खरी नावं पाठवतो. त्यांच्या माणसानं तुरुंगात जाऊन नावानं हाक मारायची. ओ दिली, की आपले. परवानगीला आठ-दहा दिवस लागतील, पण बैठकीत पहिलं हेच पान ठेवणार मी.

आई : घरच्यांना मात्र आत्ताच काही...

सर : नाही, नाही. खात्री झाल्यावरच. आणि काकू, दुपारी तुम्ही आला होतात ना? मी ऐकूनच घेतलं नाही.

आई : तोंडात घास होता तुमच्या. चालायचंच.

सर : नाही चालायचं. पुढच्या वेळी सरळ टेबलावर हात आपटा.

(नऊ दिवसांनी. तेच स्वयंपाकघर, दिवेलागणीची वेळ.)

लेक : चपला नंतर काढ. आधी सांग, ओ दिली?

आई : तिघांनी! वकिलातीतली बाई सकाळी आत गेली. बावन्नवाल्यानं ओ दिली, एकतीसवाला हमसून हमसून रडला, आणि तो एकोणीस वर्षांचा उठून उभा राहिला नि म्हणाला, "हजर!"

लेक : शाळेतल्यासारखा?

आई : अगदी तुझ्या वर्गातल्यासारखा. आणि बैठकीत ठरलंय, पुढच्या महिन्यात सतराच्या सतरा घरी.

लेक : ये इकडे. अगं ये, मिठी मारू दे! वजन वाढलंय तुझं त्या संस्थेत.

आई : सोड, पडेन मी! अजून पुढचं ऐक. सर म्हणाले, घरी सांगायला तुम्हीच चला, बंदरावरच्या माणसांशी तुम्हाला बोलता येतं. तिन्ही घरी गेलो. त्या एकतीसवाल्याची बायको ओट्यावर जाळं दुरुस्त करत होती, शेजारी सासू. मी म्हटलं, बसून बोलू या का? तर म्हणाली, "उभ्यानंच सांगा. बसवून सांगतात ते वाईटच असतं."

लेक : बाई गं. मग?

आई : मग सर पुढं झाले आणि करार कधीचा, कलम कितवं, ते सुरू केलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. म्हटलं, बाई, नवरा जिवंत आहे तुझा. धडधाकट आहे. चार वाजता फोन येईल.

लेक : आला?

आई : चाराला पाच कमी असतानाच. तीनच मिनिटं बोलायची परवानगी होती. तिनं उचलला. तो नुसतं "हॅलो" म्हणाला, आणि तिनं फोन तसाच सासूच्या कानाला लावला.

लेक : सगळी तीन मिनिटं? आणि ती स्वतः?

आई : ती शेजारी उभी राहून हसत होती. मी म्हटलं, अगं, तू पण बोल ना. तर म्हणाली, "आईंना ऐकू दे पोटभर. मला काय, हे घरी आले की आयुष्यभर ऐकायचंच आहे."