नंतरचे हात

...आणि पुन्हा हात! अहो, आत्ताच चोळलेत ना हात, माझ्या डोळ्यांदेखत चोळलेत, त्या भिंतीवरच्या सॅनिटायझरच्या बाटलीचं डोकं दाबलं, पच्च, आणि घसघस घसघस, बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याभोवतून, पार नखांच्या टोकांपर्यंत, मग माझी नाडी बघितली, नाडी जागेवर होती, छान झालं, आता जा की बाई पुढं! पण नाही. वळली, बाटली, पच्च! म्हणजे मला हात लावायच्या आधी हात, आणि मला हात लावून झाल्यावरही हात! तुम्हाला सांगतो, आधीचं मला समजतं हो, आधीचं माझ्या भल्यासाठी आहे... पण नंतरचं? नंतरचे हात कशासाठी? मी काय गटारातून काढून आणलेला होतो?

बरं, ही कोण म्हणाल तर कुणी परकी नव्हे. ही माझी बायको! सख्खी!

झालं काय, पित्ताशयात खडे झाले. मी स्कूटर दुरुस्त करणारा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांतला कचरा काढला आणि स्वतःच्याच पोटात कचरा साठला. ऑपरेशन करा म्हणाले. हॉस्पिटल कुठलं, तर हिचंच. वॉर्ड कुठला, तर हिचाच, मोठ्या सिस्टर म्हणतात तिला तिथं. मी मनात म्हटलं, वा! घरी कधी निवांत शेजारी बसत नाही, आता बसेल. कपाळावरून हात फिरवेल, 'अहो, दुखतंय का हो' म्हणेल... नशिबात सुख लिहिलं असेल तर ते असं खड्यांच्या रूपानं यायचं, म्हटलं, येऊ दे. तर पहिल्याच दिवशी तिच्या हाताखालची सिस्टर तिला हसत हसत म्हणाली, "सिस्टर, हे तुमचे मिस्टर ना?" तर ही काय म्हणते? "ड्युटीवर मला मिस्टर नाहीत, पेशंट आहेत." आणि बाटली. पच्च.

भुलीतून बाहेर येताना तर विचारू नका... सगळं कसं हलकं हलकं, पंखा अगदी सावकाश फिरतोय, खिडकीचा पडदा फुगतोय, बसतोय, फुगतोय, बसतोय, आणि कॉट हळूच जमिनीवरून सुटते की काय असं वाटतंय. मी आपला तरंगत तरंगत छतापाशी. आणि खालून कोण येतंय? हात! नुसते हात, माणसं दिसतच नाहीत, धूसर धूसर सगळं, आणि येणारा प्रत्येक जण दुरूनच हात चोळत चोळत येतोय! विचार करा तुम्ही, पाठीवर पडलाय, पोटाला भोकं पाडलेली, पळता येत नाही, आणि दारातून एक धिप्पाड माणूस तुमच्याकडे बघत, हसत, हात चोळत येतोय... ताट वाढून ठेवल्यासारखा! तो म्हणाला, "काय, कसं वाटतंय?" घसघस घसघस. मी म्हटलं, "आत्तापर्यंत बरं वाटत होतं." मागाहून कळलं, ते आमचे ऑपरेशनचे डॉक्टर.

पुन्हा डोळा लागला, तर स्वप्नात आमचं लग्न. हॉल भरलेला, माणसं नटूनथटून, कुठं तरी मंद वाजतंय काही तरी, मी हात पुढं केला, माझा हात कसा तर काळं ग्रीस रेघारेघांत मुरलेलं, तीही हात पुढं करणार, एवढ्यात थांबली. "आधी हात," म्हणाली. आणि उठली आणि बेसिनकडे गेली! मागं तिची आई, तिच्या मागं माझा भाऊ, मग सगळा हॉल रांगेत उभा, नळ एकच, पाणी बारीक, आणि मी तिथं हात पुढं करून उभा... उभा... खिडकीतून ऊन आत आलं, माझ्या तळहातावर बसलं, निघून गेलं, तरी रांग सरकेना. जागा झालो तर खरोखरच हात पुढं केलेला होता आणि कुणीतरी त्यात थर्मामीटर दिलं होतं.

मग मी चिडलो. म्हटलं, लक्षच ठेवायचं. दुपारी ती आली, माझ्या कॉटचा कठडा वर केला, पाण्याचा ग्लास जरा आत सरकवला आणि निघाली. मला बोटसुद्धा लावलं नाही! तरी बाटली, पच्च. मी म्हटलं, "अगं, मला शिवलीससुद्धा नाहीस!"

"तुमच्या कॉटला शिवले."

"कॉटला काय धाड भरलीये?"

"कॉटवर तुम्ही आहात."

घ्या! पुढं ड्रेसिंगची वेळ. हात चोळले, हातमोजे घातले, ड्रेसिंग केलं, मोजे काढले... म्हटलं, आता सापडली! मोजे होते, माझा हिला काही विटाळ झालेला नाही, आता कशाला चोळेल? पच्च! "अगं, मोजे होते ना हाताला!" तर म्हणाली, "मोज्यांना बारीक भोकं असू शकतात, काढताना हात लागतो. मोजे घातले म्हणजे हात धुतले असं नाही होत." हात धुऊन पाठीमागे लागणं म्हणतात ना, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. मी म्हटलं, "मी दिवसभर एका स्कूटरचा हात दुसऱ्या स्कूटरला लावतो, एकीचा खोकला दुसरीला लागल्याचं आजवर ऐकलं नाही!" ती हसली नाही. तिला वेळ नव्हता.

एकदा तर मी डाव टाकला. तिनं हात चोळले, सलाइनची सुई बघायला वाकली, आणि मी चटकन तिची बोटं धरली. गार होती. कोरडी, भेगाळलेली, रात्री घरी ती मलम चोळत बसते ना, ती भेगा पडलेली बोटं. मी म्हटलं, "दोन मिनिटं." ती म्हणाली, "सोडा, अहो, बघताहेत सगळे." सोडली. आणि ती? पच्च. तुम्हाला सांगतो, ते पच्च माझ्या काळजात झालं. माझी मागणी काय मोठी होती हो? एकदा, आयुष्यात एकदाच तिनं माझा हात धरावा आणि जाताना त्या बाटलीकडे न बघता जावं. एवढंच. कुणी राजवाडा मागितला होता का?

शेजारच्या कॉटवर एक मास्तर होते. निवृत्त, भूमितीचे, अंगानं काडी, पोटावर लांबलचक जखम आणि त्यातून एक नळी खाली पिशवीत सोडलेली. माझी बडबड ऐकून ऐकून शेवटी हळूच म्हणाले, "एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"सिस्टर तुमच्याकडून निघाल्या की कुठं येतात?"

"कुठं म्हणजे... तुमच्याकडे."

"मग आधीचे हात तुमचे," मास्तर म्हणाले, "नंतरचे हात माझे." आणि जरा दम खाऊन म्हणाले, "मागच्या खेपेला दुसरीकडे होतो. जखम बिघडली. पुन्हा पोट उघडावं लागलं. माणसं वाईट नव्हती हो, फार प्रेमळ होती... घाईत होती फक्त."

पटलं का? डोक्याला पटलं. पण मन असतं ना, त्याला भूमिती येत नाही!

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला ताप भरला. साधासुधा नव्हे, दात वाजायला लागले, पंखा पुन्हा सावकाश झाला, पडदा फुगला तो बसेचना. डॉक्टर आले, घसघस, पोट दाबून बघितलं, चेहरा गंभीर केला. "आत काही चिघळलं असेल तर पुन्हा उघडावं लागेल. बघू रिपोर्ट काय येतात." हिची ड्युटी तेव्हाच संपली होती. मला वाटलं, गेली घरी. तर ही कपडे बदलून, घरची साडी नेसून, पदर खोचून परत आली. बाटली, पच्च, तेवढं केलंच. आणि स्टूल ओढून बसली आणि माझा हात घेतला हातात! दोन्ही हातांत! आणि सोडेचना!

काय सांगू तुम्हाला... माझा हात घामानं चिंब, तिचे कोरडे, मला कळेना माझा कुठला नि तिचा कुठला. ती काही तरी बोलत होती, "घाबरू नका हं, काही होत नाही," आणि तिचा आवाज हलत होता. इतक्या वर्षांत तिचा आवाज हललेला मी ऐकला नव्हता. कॉट पुन्हा सुटली जमिनीवरून, पण या वेळी एकटी नव्हे, स्टुलासकट! दोघं वर, खाली वॉर्ड लहान लहान होत चाललेला, खिडकीतलं ऊन आमच्या हातांवर येऊन बसलेलं. मी मनात म्हटलं, आता उघडा पोट नाही तर काही करा. मिळालं.

तेवढ्यात मास्तर. "सिस्टर... जरा... ही नळी..."

बघितलं तर त्यांनी कूस बदलताना नळी कठड्यात अडकलेली, जखमेपाशी ताणली जातेय, मास्तर पांढरे पडलेले. ही ताडकन उठली. माझा हात खाली ठेवला, माझ्या तापाचा घाम तिच्या दोन्ही तळव्यांना, आणि निघाली. बाटलीवरून गेली... बाटलीवरून पुढं गेली! बघितलंसुद्धा नाही तिच्याकडे!

ऐकताय ना? विसरली! माझी बायको, ड्युटीवर, ड्युटीबाहेर, झोपेतसुद्धा न विसरणारी, ती माझ्या काळजीनं हात विसरली! अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, असू दे. एकदा असू दे. आयुष्यभराची हौस आहे... आणि मग मास्तरांचं ते काडीसारखं पोट दिसलं, आणि त्या पोटाकडे निघालेला माझा घाम दिसला. माझं काय चिघळलंय ते कुणाला माहीत होतं?

"हात!" मी ओरडलो. ओरडलो कसला, बेडकासारखा आवाज निघाला, पण अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. ती जागच्या जागी थांबली, नळीपासून वीतभर अंतरावर. स्वतःच्या हातांकडे बघितलं, दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखं. मास्तर म्हणाले, "मी धरतो तोवर, धरलीये मी." ती मागं आली. पच्च. घसघस घसघस, सगळ्या बेचक्या, दोन्ही अंगठे, काही चुकवलं नाही. जाऊन नळी सोडवली, मास्तरांना नीट केलं, पुन्हा पच्च. माझ्याकडे आली, पुन्हा पच्च. आणि डोळे भरलेले, पण हात चोळलेले, मग पुसायचे कशानं? दंडाला पुसले. तिनं हात पुढं केला तेवढ्यात वॉर्डबॉय ओरडला, "भेटायची वेळ संपली, नातेवाईक बाहेर व्हा!" घरच्या साडीत ओळखलंच नाही त्यानं, आणि ती पडली आज नातेवाईक!

ताप छातीचा निघाला, पडून पडून कफ साठला होता, उतरला आपला. मास्तर माझ्या आधी घरी गेले, स्वतःच्या पायांनी, जाताना लांबूनच मला हात दाखवला. मीही सुटलो. घरी आल्यावर चार दिवसांनी एका संध्याकाळी मी हिला म्हटलं, "अगं, मी त्या वेळी गप्प बसलो असतो तर?" ती म्हणाली, "त्यांची जखम बिघडली असती तर मी तो वॉर्ड सोडला असता. तुम्ही मला वाचवलंत."

आता सांगा! एकदाच, आयुष्यात एकदाच बायको माझ्यापायी हात विसरली, आणि तिला आठवण कुणी करून दिली? मी! स्वतःच्या तोंडानं! पण ती असं बोलली म्हटल्यावर मी दोन्ही हात पुढं केले, म्हटलं, "ये, आता तर कुणी बघत नाहीये." तिनं माझ्या हातांकडे बघितलं. सकाळीच जरा गॅरेजवर डोकावून आलो होतो मी.

"आधी हात," म्हणाली.

गेलो. धुतले. करता काय!