साध्या टाकीतले मासे

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर मायलेक बसले होते. सून आत तपासणीला गेली होती.

“आई, हळू बोल. परवाचे मासे तिनं किती खाल्ले?”

“पोटभर. दोन जिवांची आहे, मीच आग्रह केला. का रे?”

“प्रयोगशाळेत प्रयोग संपला की साध्या खाद्याच्या टाकीतले मासे आम्ही घरी वाटून नेतो. नेहमीचंच आहे.”

“मग?”

“मधे पंप बिघडला तेव्हा मासे इकडचे तिकडे केले होते. टाक्यांवरच्या पाट्या तशाच राहिल्या. मला आज सकाळी कळलं.”

“म्हणजे आपण कुठले खाल्ले?”

“कारखान्याच्या सांडपाण्यातलं शेवाळ घालून वाढवलेले. त्यांच्यात शिसं उतरतं का, तेच बघत होतो.”

“उतरतं?”

“अहवाल यायचाय.”

“अरे देवा! डॉक्टरांना सांग आधी.”

“पाट्या बदलायचं काम माझं होतं, आई. नोकरी जाईल.”

“चुलीत घाल ती नोकरी!”

दार उघडलं. नर्सनं विचारलं, “खाण्यात काही वेगळं आलं होतं का? पेशंट नाही म्हणतात.”

“नाही. घरचंच जेवण,” मुलगा म्हणाला.

आई उठून उभी राहिली.

“मासे,” ती म्हणाली. “मीच वाढले.”