हरणाबाईनं नाव घेतलं

सरका, सरका, मागून येणाऱ्यांना जागा द्या. देव सगळ्या जगाला पोटात घेतो, तुम्हाला शेजाऱ्याला सतरंजीवर घेता येईना होय? — हां, असं! आता ऐका मंडळी. पूर्वरंगात आपण नामाचा महिमा पाहिला. आख्यानाला हात घालण्याआधी मी तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. नाव घेतल्यानं माणूस तरतो, की मरतो?

"तरतो!" — बघा, पुढच्या रांगेतले आजोबा लगेच बोलले. आजोबा, प्रसाद आधी तुम्हाला! पण जरा थांबा. देवाचं नाव घेतलं तर तरतो, कबूल. नवऱ्याचं नाव घेतलं तर? — आता कशा बायका पदरात तोंड घालून हसल्या! आजोबा, आता बोला की! नाही बोलणार. घरी जायचंय त्यांना.

तर ऐका. नांदुरवाडी नावाचं एक गाव होतं. त्या गावात हरणाबाई कोळपे नावाची एक बाई. वय साठीच्या पुढं, अंगानं काडी, पण जिभेला धार अशी की विळ्यानं लाजावं! आणि तिचा नवरा — गजाबा. गरीब गाय हो! कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. भजनात पेटी वाजवायचा. आमच्या या पेटीवाल्यांसारखीच. नाही, यांच्यापेक्षा बरी! — रागावू नका बुवा, कीर्तन संपेपर्यंत तरी रागावू नका, सूर सांभाळा.

गजाबाला एकच खोड. घ्यायचा. एका पायानं लंगडा होता, पण दुकानाकडे जाताना बघावं, पाय कसा सुरळीत पडायचा! आणि दुकान कुठं? वेशीतच! शेताला जा, दुकान. देवळात जा, दुकान. दवाखान्यात जायचं म्हटलं तरी दुकानावरूनच. दुकान रंगरावाचं. बाहेर पाटी 'देशी दारू, सरकारमान्य'. सरकारला मान्य, रंगरावाला मान्य, हरणाबाईला कोण विचारतंय?

एक दिवस तालुक्याच्या डॉक्टरनं गजाबाचं पोट दाबून पाहिलं आणि हरणाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, यांचं यकृत संपत आलंय. आता थांबले तर जगतील. नाही थांबले तर पुढची दिवाळी काही दिसत नाही." बास! हरणाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. तिनं नवऱ्याला शपथा घातल्या. गजाबानं सगळ्या घेतल्या! शपथ घ्यायचा, मग पेला घ्यायचा. घेण्यात माणूस चोखंदळ नव्हता.

मग हरणाबाईला कुणीतरी कायदा सांगितला. कायदा असा आहे मंडळी, की गावातल्या पुरेशा बायकांनी अर्ज केला, सह्या खऱ्या निघाल्या, की मतदान घ्यावं लागतं. बायकांचंच हं! चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. आडवीला मतं जास्त पडली की दुकान बंद. रोज नवरे आडवे होण्यापेक्षा एकदा बाटली आडवी झालेली बरी, हे सरकारलाही पटलंय!

अर्ज लिहिला. आता सह्या? घरोघर फिरली तर नवरे दारातच कागद फाडतील. हरणाबाईनं काय करावं? संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं! हळदीकुंकवात पुरुष येतो का? छे! ओसरीवर बसून तिळगुळाची वाट बघतो. आत एका हातावर तिळगूळ पडला की दुसऱ्या हातासमोर कागद. "तिळगूळ घ्या, सही करा!" गोड गोड बोला हे काही कुणी म्हणेना! ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठे दिले. अर्ज गेला तालुक्याला, आणि ओसरीवरचे बिचारे रेवड्या चघळत राहिले.

आता रंगराव. तो काय स्वस्थ बसणार? पडताळणीसाठी साहेब गावात आला. नवीनच लागलेला, कोवळा पोरगा, नियमांचं पुस्तक तोंडपाठ. रंगरावानं त्याला खुर्ची दिली, सरबत दिलं — हो, सरबतच! — आणि कानाशी लागला. "सायेब, सह्या काय, एकीच्या नावावर दुसरीपण करती. तुमी असं करा. प्रत्येक बाईनं पूर्ण नाव सोताच्या तोंडानं सांगायचं. आपलं नाव आन् नवऱ्याचं नाव. जी सांगणार न्हाई, तिची सही बाद!"

साहेबाला वाटलं, वा, किती नियमाला धरून! पण मंडळी, यातली गोम कळली का? नांदुरवाडीत बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. 'हे', 'ते', 'सुलीचा बाप', 'घरधनी', 'ऐकलं का'. सगळं म्हणेल, नाव घेणार नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं! आणि हरणाबाई तर त्यात सगळ्यांच्या वर. नवरा गजाबा, म्हणून खिडकीच्या गजांना ती दांडे म्हणायची. गजरा म्हणायची नाही, माळ म्हणायची. गणपतीत आरती चालू असली आणि गजानन आला की ही गप्प! देव सुद्धा विचारात पडायचा, ही बाई मध्येच का थांबते?

चावडीसमोर रांग लागली. अख्खं गाव जमलं. पुरुष पारावर, मिशीला पीळ देत. साहेबानं पहिल्या बाईला, पारूबाईला, विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

"पारू."

"नवऱ्याचं?"

"त्ये तिकडं बसलेत की. तुमीच इचारा."

"तुम्हीच सांगायचंय, बाई."

पारूबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली. पारावर खसखस पिकली. रंगराव खांबाला टेकून पान लावायला लागला. झालं! संपला अर्ज! — असं त्याला वाटलं हो. पण लबाड माणसाची एक गंमत असते मंडळी. तो दुसऱ्याच्या घराला पुढून कुलूप घालतो आणि मागचं दार विसरतो. मागचं दार कोणतं? सांगा बरं आयाबायांनो! ...उखाणा! बरोबर! उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. लग्नात चालतं, बारशाला चालतं, मग चावडीला का नाही? पारूबाईनं पदर सावरला, मान तिरकी केली, आणि —

तुळशीला घालते पाणी, देवाला वाहते फूल,
शामरावांना रोज संध्याकाळी बाटलीची पडते भूल!

अहाहा! बायकांनी असा कल्ला केला की पिंपळावरचे कावळे उडाले. शामराव पारावरून उतरला तो थेट गोठ्यात! साहेब गोंधळला. पुस्तक चाळलं. नाव तोंडानं सांगावं, एवढंच रंगराव म्हणाला होता. गद्यात सांगावं की पद्यात, हे तो बोलला नव्हता आणि पुस्तकातही नव्हतं. साहेबानं लिहिलं, "पारूबाई शामराव. पुढच्या!"

पुढची आली.

सासरी मी नांदते, दारी बांधली गाय,
किसनराव घरी येतात तेव्हा जमिनीवर नसतो पाय!

मग आली सरपंचांची बायको. सरपंच उठून उभे राहिले, डोळ्यांनी खुणा करू लागले, अगं नको, नको! ती कुठली ऐकते?

हळदीकुंकवाला दिला विडा, सुपारी आणि पान,
उत्तमराव सकाळी सरपंच असतात, संध्याकाळी नसतं भान!

बघा मंडळी, वर्षानुवर्षं ज्या गोष्टींसाठी बायका उशीत तोंड खुपसून रडल्या होत्या, त्या त्यांनी त्या दिवशी चावडीवर गाऊन सांगितल्या. पार रिकामा होत चालला. एकेक नवरा आपल्या बायकोचा नंबर जवळ आला की "जनावराला पाणी दाखवून येतो" म्हणून निघे. त्या दिवशी नांदुरवाडीच्या जनावरांना जेवढं पाणी मिळालं तेवढं जन्मात मिळालं नसेल!

आणि रांगेत कोण उभी? हिरव्या काठाचं लुगडं, नाकात नथ — रंगरावाची स्वतःची बायको, सुंदराबाई! रंगरावाच्या हातातलं पान गळालं. "तू? तू कशाला हितं?" ती म्हणाली, "संक्रांतीला म्याबी गेलते. सही केलीय." आणि साहेबाकडे बघून, अगदी हळू आवाजात —

नवी कोरी माडी, दारात उभी गाडी,
रंगरावांच्या गल्ल्यात येते आयाबायांची साडी.

यावेळी कुणी हसलं नाही. पारूबाईनं पुढं होऊन तिचा हात धरला. मला विचाराल तर मंडळी, असं सांगायला वाघाचं काळीज लागतं. पारूबाईला तरी घरी जाऊन शामरावाचाच राग सोसायचा होता. हिला त्या माडीत परत जायचं होतं.

आता उरली एकच. हरणाबाई! अर्ज तिच्या नावानं, पहिली सही तिची. साहेब म्हणाला, "आजी, तुमची पडताळणी झाली की काम संपलं. मुख्य अर्जदार तुम्ही. तुमचीच सही बाद झाली तर अर्ज मी पुढं पाठवू कसा? सांगा नाव."

हरणाबाई पदराचं टोक पिळत राहिली.

बायका म्हणाल्या, "काकू, घ्या की उखाणा!" हरणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "उखाण्यातबी न्हाई घेणार. एकदाच घेतलं व्हतं, लग्नात. नाव तोंडातनं निघालं आन् वरातीत हे बैलगाडीतनं खाली पडले. पाय मोडला तो मोडलाच. चाळीस वरसं झाली. मी त्येंचा जीव वाचवाय ही सगळी खटपट केली सायेब, आन् आता त्येंचंच नाव घिऊन त्येंचं आयुष्य कसं तोडू?"

कळतंय का मंडळी, बाई कुठं अडकली? नाव घेतलं नाही तर दुकान राहणार, नवरा जाणार. नाव घेतलं तर — तिच्या समजुतीनं — तरीही नवरा जाणार! हसू नका. तुमच्या आमच्या डोक्यात असल्या गाठी काय कमी आहेत? रंगरावानं मात्र गळालेलं पान उचललं, पुसलं, आणि तोंडात टाकलं. साहेबानं वही मिटायला घेतली.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. टक्, टक्. गजाबा! सगळे पळाले तरी हा एकटा राहिला होता. लंगड्याला पळता कुठं येतंय! तो पुढं आला, मान खाली घालून म्हणाला, "हरणे, घे नाव."

"गप बसा तुमी! पाय मोडला तेवढा बास न्हाई का?"

"आगं, तो पाय तुझ्यामुळं न्हाई मोडला." गजाबा घुटमळला. "वरातीत मैतरांनी पाजली व्हती. पैल्यांदाच. त्या झोकात तोल गेला आन् पडलो. बा मारंल म्हणून कुणाला बोललो न्हाई. मग तूच म्हणाया लागलीस, म्या नाव घेतलं म्हणून झालं... मला बरं वाटलं. म्हटलं, असूंदे."

साहेबाचं पेन टेबलावरून गडगडत खाली गेलं. हरणाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. आधी रडवेली. मग लाल. मग — आयाबायांनो, तो चेहरा तुम्हाला ठाऊक आहे, मी काय सांगू!

"चाळीस वरसं!" ती गरजली. "चाळीस वरसं म्या गणपतीपुढं मुकी राहिले! पोरीच्या बारशाला उखाणा घेतला न्हाई म्हणून सासूचे बोल खाल्ले! देवापुढं रोज नाक घासलं, म्या पापीण, म्या माझ्या धन्याचा पाय मोडला! आन् तुमी झोकांडी खाऊन पडलावता? गजाबा! गजाबा धोंडिबा कोळपे!"

"मिळालं नाव, आजी," साहेब घाईघाईनं म्हणाला.

"गजाबा! अवो गजाबा! आरं गजाबा!"

"आजी, एकदाच पुरे आहे!"

"तुमी लिवा गप! चाळीस वरसांचं तुंबलंय!"

आणि गजाबा? रडत होता आणि हसतही होता. आपलं नाव बायकोच्या तोंडून ऐकायला माणसाला किती गोड वाटतं हो! शिवी घालून घेतलं तरी गोड वाटतं. दर हाकेला तो "हां, हां" म्हणत होता.

पुढं मतदान झालं. बाटली आडवी झाली ती अशी झाली की पुन्हा उठली नाही. गजाबानं त्याच दिवशी दारू सोडली असं मी सांगणार नाही. कीर्तनकार थोडं फुगवून सांगतो, पण इतकं नाही! त्यानं दोनदा तालुक्याच्या दुकानाची वाट धरली. पण लंगड्या पायानं तेवढं चालवेना, ओढ्यापाशीच दम संपला, आणि तिथून तो परत आला. दिवाळी आली. गजाबा ओसरीवर पेटी घेऊन बसला होता आणि हरणाबाई आतून ओरडत होती, "गजाबा, चकली निवंल, आधी खाऊन घ्या!" आता ती उठता-बसता नावच घ्यायची. चाळीस वर्षांचं वसूल नको का करायला?

तर मंडळी, सांगा, नाव घेतल्यानं माणूस तरला की मेला? आजोबा, आता बोललात तरी चालेल.

पण एवढ्यावर सुटका नाही. मी तुम्हाला सोडायला आलो नाही! देवाचं नाव तुम्ही टाळ कुटून, गळे काढून घेता. का? तर देवाचं नाव घेतल्यानं शेजारी रागावत नाही, सरपंच बोलावून घेत नाही. पण चार ओळींच्या अर्जाखाली आपलं नाव लिहायची वेळ आली की? "बुवा, अर्ज चांगला आहे, आमचा पाठिंबा आहे, फक्त आमचं नाव घालू नका!" अरे, नाव घालू नका म्हणता, मग पाठिंबा काय हवेनं दिला? नुसतं नाम घेऊन तरायचं आणि नाव लावायच्या वेळी गोठ्यात पळायचं, असला भक्त देवाला तरी कशाला हवा?

खोकू नका. मला माहीत आहे. दुपारी मी या गावात जिथं जेवलो, तिथं वाढता वाढता माउलींनी पदराखालून एक कागद दाखवला. कुणी, ते मी सांगणार नाही. कशाबद्दल, ते शाळेच्या कोपऱ्यावर चाललेलं नव्या दुकानाचं बांधकाम ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कागद चांगला आहे. खाली सह्यांची जागा मोकळी आहे.

आता आरती होईल. आरतीचं ताट आज आधी बायकांच्या बाजूला जाईल. ताटात पैसे टाकू नका, ताटात तो कागद आहे, आणि कुंकवाच्या शेजारी एक पेन आहे. आता पुरुषमंडळींना वाटेल, या कायद्यात आमची सही चालत नाही, मग आम्ही करायचं काय? सांगतो. टाळ घ्या हातात. उभे राहा. देवाकडे तोंड करा, मागे वळून पाहायचं नाही! आणि टाळ वाजवा — असे वाजवा, इतके जोरात वाजवा, की सही करताना कुणाच्या बांगड्या वाजल्या ते कुणाला कळू नये!