घाबरू नका, पण थांबू नका

...नाही, पण मी म्हणते, फोन उचलायचाच नसेल तर नंबर छापता कशाला? आणि उचलायचाच असेल तर तो टायरवाल्यानं का उचलावा? हसू नका! तुम्हाला सांगते, मी चष्म्याच्या दुकानात कामाला, तर भर दुकानात काउंटरखाली डोकं घातलंय, तोंडावर हात धरलाय आणि अगदी चोरासारख्या आवाजात विचारतेय, "हॅलो... बायकांच्या डॉक्टर आहेत का हो?" तर पलीकडून भसाडा आवाज, "ताई, इथे पंक्चर काढतात!" मी म्हटलं, अहो, विमा कंपनीनं हाच नंबर दिलाय. तर म्हणतो, "ठाऊक आहे. त्या डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर होत्या, जागा सोडून गेल्या, नंबर माझ्या गळ्यात टाकून गेल्या. रोज बायकांचे फोन येतात. मी आपला सगळ्यांना सांगतो, काळजी घ्या." काळजी घ्या! आणि खरं सांगू? त्या सबंध दिवसात माझ्याशी नीट बोललेला तो एकटाच माणूस.

पण थांबा, तुम्हाला मुळातून सांगायला हवं.

माझी पाळी जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. सुटले बाई एकदाची, म्हणून मी कपाटातला पॅड ठेवायचा कोपरासुद्धा रिकामा केला होता, तिथे उबदार शाली ठेवल्या होत्या. आणि एका सकाळी बघते, तर डाग. म्हटलं असेल काहीतरी, दगदग झाली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग थोडे दिवस काही नाही... आणि मग चांगलंच गेलं. आता माझी एक मावशी होती. होती म्हणतेय, लक्षात येतंय ना? हेच झालं होतं तिला. "होतं गं या वयात, त्यात काय सांगायचं चारचौघांत," असं म्हणत म्हणत तिनं लाजेपायी इतके दिवस काढले, की शेवटी दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मावशी आजारानं गेली नाही हो, लाजेनं गेली. म्हणून मी सरळ आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. सर्दी-खोकल्याचे डॉक्टर ते, म्हातारे, कधी डोकं वर करून बघत नाहीत. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवलं म्हटल्यावर मी समजायचं ते समजले! म्हणाले, "हे माझं काम नाही. गायनॅकला दाखवा. बहुतेक काही नसेल, घाबरू नका. पण थांबू नका."

घाबरू नका, पण थांबू नका! एका दमात! तुम्हीच सांगा, यातलं माणसानं ऐकायचं काय?

तर, न थांबता मी घेतली विम्याची यादी. विमा ह्यांच्या ऑफिसचा, त्यात मी बायको म्हणून. यादीतल्याच डॉक्टरकडे गेलं तर विमा लागू, नाहीतर आपलं आपण बघायचं. आणि तपासण्यांचा खर्च म्हणजे काय गंमत आहे? तर पहिला नंबर टायरवाला. तो झाला. दुसरा लावला. एक मुलगी बोलली, तोंडात काहीतरी होतं तिच्या.

"आम्ही फक्त डिलिव्हरीच्या केसेस घेतो. तुम्ही प्रेग्नंट आहात का?"

"नाही हो, माझं वय..."

"मग व्हायचंय का?"

काय उत्तर देणार? विचार करून कळवते म्हटलं आणि ठेवला फोन!

तिसऱ्या ठिकाणी डॉक्टर होत्या. खऱ्या! जिवंत! विमाही चालत होता! मला तर रडूच यायला लागलं. रिसेप्शनिस्ट म्हणाली, "पहिली रिकामी वेळ अडीच महिन्यांनी." मी म्हटलं, अहो, मला थांबू नका असं सांगितलंय. ती म्हणाली, "बरोबर आहे मॅडम, आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांना तेच सांगितलेलं असतं." आणि पुढे? "दोन मिनिटं थांबा हं." थांबले. वाजंत्री ऐकत थांबले. फोन कट!

म्हणजे बघा, डॉक्टर म्हणतात थांबू नका, आणि सगळं जग म्हणतंय थांबा!

मग म्हटलं थेट विमा कंपनीलाच गाठू. आता माझी जागा कुठे, तर दुकानात चष्म्याचा नंबर तपासायच्या खुर्चीशेजारी. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, खुर्चीत एक आजोबा, त्यांच्या नाकावर ती तपासायची जड फ्रेम, मागे आमचा काचा घासणारा फिटर, बाकावर तीन गिऱ्हाइकं. आणि नेमका तेव्हाच कंपनीचा फोन लागला. सकाळपासून लावत होते, लागलेला फोन सोडवतोय का?

"बोला मॅडम, काय तक्रार आहे?"

मी कुजबुजले, "बायकांची आहे."

"जरा मोठ्यानं बोला मॅडम, आवाज येत नाहीये."

मी आजोबांच्या डोळ्यापुढे नवी काच सरकवली, तोंड भिंतीकडे केलं आणि म्हटलं, "पाळी... पाळीबद्दल आहे..."

"पाळी माझी आहे!" आजोबा खुर्चीतून उसळलेच. "केव्हाचा बसलोय मी इथे! पाळी माझी आहे!"

बाकावरची बाई म्हणते, "यांच्यानंतर माझी पाळी." मागून फिटर ओरडतो, "भांडू नका, सगळ्यांची पाळी येईल!" आणि कानात ती पोरगी, "मॅडम, नक्की कोणाची पाळी?"

आता हसतेय मी. तेव्हा काच हातातून पडता पडता वाचली.

तरी मी सगळं सांगितलं हं तिला. शांतपणे ऐकून घेतलं तिनं, आणि म्हणाली, "मॅडम, तातडीची वेळ मिळवून देण्याची सोय आहे आमच्याकडे." हुश्श! "त्यासाठी आधी मंजुरी लागते." बरं, द्या मंजुरी. "ती मूळ सभासदानं मागायची. मिस्टर आहेत का जवळ?" मी म्हटलं, अहो, पोट माझं, रक्त माझं, मिस्टर कशाला? "नियम आहे मॅडम. सभासदानं स्वतः कारण सांगायला लागतं. तोपर्यंत थांबावं लागेल."

आणि आता खरी पंचाईत! ह्यांना मी सांगितलंच नव्हतं.

का नाही सांगितलं? तुम्ही आमच्या ह्यांना ओळखत नाही म्हणून विचारताय. स्वभावानं देवमाणूस, पण बायकांचा विषय निघाला की कान लाल होतात. लग्न नवीन होतं तेव्हा मी ह्यांना मेडिकलमध्ये पॅड आणायला पाठवलं. दुकानात दोन बायका उभ्या होत्या, म्हणून हे खोकत खोकत उभे राहिले आणि खोकल्याचं औषध घेऊन घरी आले! पुढे मुलीच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तर शेजाऱ्यांना सांगतात कसे, "हिला जरा तसं होतंय." तसं! त्या माणसानं आता परक्या पोरीला फोनवर कारण सांगायचं? आणि दुसरं म्हणजे... ह्यांना सांगितलं की ते खरं होणार होतं. तोपर्यंत ते नुसतं माझं माझं होतं. शालींच्या कपाटासारखं, दार लावून टाकलं की झालं.

पण रात्री अंथरुणावर पडलं की मावशी समोर यायची. शेवटी अर्धी रजा टाकली आणि गेले ह्यांच्या ऑफिसात.

पाणीपट्टीचं ऑफिस. लांबच लांब खोली, काचेच्या खिडक्या, बाहेर लोकांच्या रांगा, आत टेबलाला टेबल लागलेलं, आणि शांतता अशी की कागद उलटला तरी ऐकू येतो. मला बघून हे जागचे उठलेच, "काय झालं? तू इथे कशी?" मी ह्यांना बाहेर जिन्यात नेलं. आणि सांगितलं. पहिल्या डागापासून मावशीपर्यंत सगळं. हे कठड्याला धरून उभे. हातातलं पेन खिशाला लावायला गेले ते टोपण न लावता, उलटं. खिशावर निळा डाग पसरत चाललाय आणि हे माझ्याकडे बघतायत. मग म्हणाले, "कधीपासून?" मी सांगितलं. म्हणाले, "आणि तू एकटीच फोन करत होतीस?" बस, एवढंच. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर परवडलं असतं हो!

आत गेले, टेबलाशी उभ्या उभ्या फोन लावला. मी शेजारी. पलीकडची पोरगी तीच की दुसरी, देव जाणे, सगळ्यांचा आवाज सारखाच. हे फोनला हाताचा आडोसा करून म्हणतात, "पत्नीसाठी मंजुरी हवी होती... कारण? कारण ते जरा... बायकांचं आहे."

पलीकडून ती म्हणते, मला स्पष्ट ऐकू आलं, "सर, 'बायकांचं' असं कारण आमच्या कॉम्प्युटरमध्ये नाही."

"म्हणजे ते... तसं होतंय तिला."

"सर, कसं?"

कान लाल, मान लाल. मी म्हटलं, झालं, आता हा माणूस खोकणार. आणि ती म्हणाली, "सर, माहिती नसेल तर घरी विचारून परत फोन करा, आम्ही थांबतो."

काय झालं कोणास ठाऊक, त्या 'थांबतो'वर ह्यांचा आवाज जो फुटला! "थांबू नका! रक्तस्राव! लिहा! रक्तस्राव होतोय माझ्या बायकोला! पाळी गेल्यानंतर! हो, पाळी! प, पा, पाळी! गर्भाशयातून! ऐकू येतंय का आता?"

ऐकू येतंय का! अहो, रस्त्यापलीकडे ऐकू गेलं असेल! सगळं ऑफिस गार. खिडकीबाहेरची रांग गार. साहेब केबिनचं दार उघडून बाहेर आले आणि तसेच उलट पावली आत गेले. तिथे जमीन दुभंगली असती तर मी आत शिरून वरून फरशी ओढून घेतली असती. पण बघते तर हे फोन काही सोडत नाहीत. "नाही, थांबणार नाही! आत्ता सांगा!"

आणि त्या शांततेत मागच्या टेबलावरच्या आवक-जावकवाल्या बाई उठल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, ह्यांच्या मागेच बसतात इतकी वर्षं. सरळ माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला पण झालं होतं हे, गेल्या साली. माझ्या डॉक्टरीण घेतात आपला हा विमा. थांबा, मी बोलते त्यांच्याशी." 'थांबा' त्याही म्हणाल्या, पण म्हणता म्हणता फोन लावलासुद्धा! "हो, आमच्या ऑफिसातल्याच... आज संध्याकाळी? पाठवते." तोवर ह्यांनीही मंजुरी घेऊनच फोन ठेवला!

आता बोला! मी यादी घेऊन टायरवाल्यापर्यंत जाऊन आले, आणि औषध होतं ह्यांच्या पाठीमागच्या टेबलावर! एक ऑफिस, एकच विमा, पण ह्यांनी कधी विचारलं नाही नि त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगणार कसं? बायकांचं ना ते!

त्या डॉक्टरीण म्हणजे तडफदार बाई. हात बर्फासारखे गार, पण नजर मायेची. तपासलं, सोनोग्राफी केली, पडद्याकडे बघता बघता गप्प झाल्या. ती जी गप्प झालेली वेळ असते ना... ती कोणावर येऊ नये. म्हणाल्या, "आत गाठीसारखं दिसतंय. काढून घेऊ, तपासायला पाठवू. काय ते रिपोर्टनंतरच सांगेन." मी विचारलं, तोपर्यंत काय करू? "तोपर्यंत थांबायचं."

बघा! इतका आटापिटा कशासाठी, तर डॉक्टरकडून 'थांबा' ऐकायला!

गाठ काढली. आणि थांबले. मी दुकानात लोकांना खालची ओळ वाचा म्हणून सांगायची आणि मला स्वतःला वरचं अक्षर दिसत नव्हतं. हे घरी यायचे, न बिघडलेले नळ खोलून पुन्हा बसवत बसायचे. एकदा स्वयंपाकघरात मी पाठमोरी उभी होते, मागून म्हणाले, "तू पुन्हा एकटीनं काही सहन करू नकोस." मी म्हटलं बरं. मागे वळले नाही. वळले असते तर दोघंही रडलो असतो, आणि गॅसवर दूध होतं.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी वाचला, चष्मा काढला, हसल्या. "साधी गाठ होती. काही नाही त्यात. पण आलात ते फार बरं केलंत." मी नुसती बसून राहिले. आणि आमचे हे? जिन्यात दोनच वाक्यं बोललेला माणूस! खुर्ची पुढे ओढून विचारायला लागले, "पुन्हा होऊ शकते का? गर्भाशयाचं अस्तर किती जाड असलं तर काळजी करायची? सोनोग्राफी परत कधी?" डॉक्टरीणबाईच शेवटी घड्याळ बघायला लागल्या.

तेव्हापासून जे सुरू झालंय ना! ऑफिसातल्या बायका विचारतात, इमारतीतल्या विचारतात, कुठल्या डॉक्टर विमा घेतात, मंजुरीला काय सांगायचं, आणि हे जिन्यात उभे राहून खणखणीत आवाजात सांगतात, "वहिनी, अंगावरून जातंय ना? मग तेच म्हणायचं, 'तब्येत बरी नाही' म्हणायचं नाही!" मला दारामागे तोंड लपवावं लागतं.

आणि परवा माझ्या नणंदेचा फोन. आवाज अगदी खोल गेलेला. मी म्हटलं, "काय गं, काय होतंय?" म्हणाली, "काही नाही वहिनी, जरा बायकांचं आहे." मी म्हटलं, अगं, मग सांग ना मला!

तर म्हणते कशी, "नको वहिनी, तुला नाही कळायचं त्यातलं. दादा आहे का घरात?"

...दिला. काय करते?